धूळ गोळा करायला वर्गणी!

बालमित्रांनो, आज एक अगदी सोपा प्रयोग करा. त्याला काचेच्या नळ्या नकोत की मेणबत्ती नको. दुपारच्या वेळी घरातल्या एखाद्या खोलीची दारं-खिडक्या लावून घ्या. कौलातून, फटीतून किंवा पडद्याच्या कडेनं उन्हाचा एक कवडसा तेवढा आत आला पाहिजे. आता त्या कवडशाकडे बाजूनं बघा. काय दिसतं? हजारो कण संथपणे तरंगताहेत, वर जाताहेत, खाली येताहेत! आणि कवडशाच्या बाहेर? काही नाही. हवा कशी अगदी स्वच्छ!

पण खरंच स्वच्छ असते का? कवडसा थोड्या वेळानं पुढं सरकतो. मघाशी जिथं 'काही नव्हतं' तिथंही तेवढेच कण दिसायला लागतात. म्हणजे ऊन काही धूळ घेऊन आत येत नाही, बरं का! ती आधीपासूनच तिथं असते. ऊन फक्त दाखवतं.

हे नीट लक्षात ठेवा, कारण आज मी तुम्हांला ज्या आजोबा लोकांची हकिगत सांगणार आहे, त्यांची सगळी पंचाईत या न दिसणाऱ्या धुळीपायीच होते. त्यांना एक मशीन हवं असतं. त्यासाठी पैसे गोळा करायचे असतात. आणि ते मशीन काहीसुद्धा तयार करत नाही! ना खुर्ची, ना टेबल, ना खेळण्यातली आगगाडी. ते फक्त धूळ ओढतं. आता सांगा, अशा मशीनला वर्गणी कोण देणार?

हे आजोबा आहेत ऑस्ट्रेलियातले. तिकडे घरामागच्या अंगणात एक पत्र्याची खोली असते. तिला नुसतं 'शेड' म्हणतात. करवत, हातोडी, खिळ्यांचे डबे, गवत कापायचं यंत्र, मोडलेली सायकल, सगळं त्या शेडमध्ये. घरातले आजोबा सुट्टीच्या दिवशी तिथंच ठाकठोक करत बसलेले असतात. पण नोकरी संपली, मोठं घर विकून लहान घरात राहायला गेलं, की ती शेडही जाते. मग करायचं काय? दिवसभर टीव्ही बघायचा?

यावर तिथल्या काही गावांनी १९९०च्या दशकात एक युक्ती काढली. प्रत्येकाची वेगळी शेड नसेना का, सगळ्या गावाची मिळून एक शेड असू दे! व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला नावाच्या लहानशा गावात १९९८ साली अशी शेड सुरू झाली. 'मेन्स शेड' हे नाव लावणारी पहिली शेड म्हणून ती ओळखली जाते. २००७ साली अशा शेडची देशभराची संघटना झाली. आज ऑस्ट्रेलियात हजाराहून जास्त शेड आहेत, आणि ही कल्पना न्यूझीलंड, आयर्लंड, इंग्लंड, डेन्मार्क, कॅनडा असं करत पार जगभर पोचली आहे. (आमच्या वर्गातल्या मुली लगेच विचारतील, "आणि आज्या?" तर काही शेडमध्ये बायकाही येतात, आणि बायकांनी स्वतःच्या वेगळ्या शेडही काढल्या आहेत.)

या शेडमध्ये काय चालतं? मुख्यतः सुतारकाम. नाताळात गरजू मुलांना देण्यासाठी लाकडी खेळणी होतात. पक्ष्यांसाठी घरटी होतात, बागेतले बाक दुरुस्त होतात, शाळेची मोडकी कपाटं सरळ होतात. पण खरी गंमत कामात नसून गप्पांत असते. शेडवाल्यांचं एक आवडतं म्हणणं आहे : पुरुष माणसं समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. बायको वारल्यावर दोन-दोन महिने कुणाशी न बोललेला माणूससुद्धा फळीचं दुसरं टोक धरायला कुणी बोलावलं की हळूहळू बोलायला लागतो. आपल्याकडे पारावर, देवळाच्या ओट्यावर जे चालतं तेच हे. फक्त हातात रंधा.

आता रंध्यावरून आठवलं. तुम्ही सुताराला रंधा मारताना पाहिलं असेल. रंध्यातून लाकडाच्या पातळ, कुरळ्या, वासाच्या पट्ट्या निघतात. त्या खाली पडतात, हवेत उडत नाहीत. हाताची करवत चालवली की भुसा पडतो. तोही बहुतेक पायाशीच. पण मशीनची गोल करवत लावा, किंवा विजेवर फिरणारा सँडपेपर लाकडावर टेकवा. मग भुशाबरोबर पिठापेक्षाही बारीक धूळ निघते. जाड भुसा जमिनीवर पडतो, तो झाडून टाकता येतो. बारीक धूळ मात्र तासन् तास हवेत तरंगत राहते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या धुळीतले कित्येक कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे केसाच्या सातव्या हिश्शाहूनही बारीक. असे कण नाकातल्या केसांना, घशाला चुकवून थेट फुप्फुसात उतरू शकतात. आणि एका शेडमध्ये दहा-बारा माणसं एकाच वेळी काम करत असली, तर एकाच्या करवतीची धूळ बाकी सगळ्यांच्या नाकात. स्वतः चहा पीत कोपऱ्यात बसलेल्याच्याही!

"इतकी वर्षं आम्ही धुळीतच काम केलं, काही झालं नाही," असं म्हणणारे आजोबा प्रत्येक शेडमध्ये भेटतात. आपल्याकडेही भेटतात. त्यांना उत्तर द्यायचं तर एका इंग्लिश गावाची गोष्ट सांगावी लागते. ती जरा सविस्तर सांगते, कारण मला ती फार महत्त्वाची वाटते.

लंडनच्या वायव्येला हाय विकम नावाचं गाव आहे. आसपासच्या टेकड्यांवर बीच नावाच्या झाडांचं रान. त्या लाकडाच्या खुर्च्या बनवण्यात या गावानं नाव काढलं. गावाला आपल्या खुर्च्यांचा इतका अभिमान, की १८७७ साली व्हिक्टोरिया राणी तिथून जाणार होती तेव्हा लोकांनी तिच्या स्वागताला फुलांची नव्हे, चक्क खुर्च्यांची कमान उभारली! तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावसुद्धा 'चेअरबॉइज', म्हणजे 'खुर्चीवाली पोरं'. पुढं कारखान्यांत विजेची यंत्रं आली. काम झपाट्यानं व्हायला लागलं आणि धूळही झपाट्यानं उडायला लागली.

१९६०च्या दशकात या गावात एस्मे हॅडफील्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई होत्या. नाकाच्या आतल्या बाजूला होणारा एक कर्करोग असतो. तो इतका दुर्मीळ, की एखाद्या डॉक्टरला आयुष्यात एक-दोनच रोगी दिसायचे. पण या बाईंकडे तसे रोगी पुन्हा पुन्हा येत होते. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, "योगायोग!" बाईंनी मात्र रोग्यांचा व्यवसाय बघितला. बहुतेक सगळे फर्निचरच्या कारखान्यातले! मग ऑक्सफर्डच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी नीट नोंदी तपासल्या. त्यावरचा अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. लाकडाच्या धुळीत काम करणाऱ्यांना हा रोग इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होत होता. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, इंग्लंडच्या सरकारनं हा फर्निचर कामगारांचा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. याचा अर्थ, रोग झालेल्या कामगाराला भरपाई मागायचा हक्क मिळाला. १९९५ साली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीचं नाव थेट पहिल्या गटात घातलं. 'माणसात कर्करोग घडवते, याचा पुरेसा पुरावा आहे' अशा वस्तूंचा तो गट. तंबाखूचा धूर त्याच गटात बसतो.

घाबरू नका हं! एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा रोग सुतारांमध्येसुद्धा दुर्मीळच आहे, आणि एकाच गटात आहेत म्हणून लाकडाची धूळ आणि सिगारेट सारख्याच घातक, असं नाही. त्या यादीत पुरावा किती पक्का आहे ते बघतात, धोका किती मोठा ते नाही. जास्त लोकांना होतो तो साधा त्रास : खोकला, शिंका, डोळ्यांची आग, दमा. काही लाकडं तर खास खोडकर. सागाच्या धुळीनं काहींच्या अंगाला खाज सुटते. वेस्टर्न रेड सीडर या लाकडाच्या धुळीनं दमा जडतो.

पण हाय विकमच्या गोष्टीतली सगळ्यात अवघड बाब दुसरीच आहे. तिथल्या रोग्यांनी धुळीत काम सुरू केल्यावर रोग दिसायला तीस-चाळीस वर्षं लागली होती. म्हणजे "इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य एकोणतिसाव्या वर्षीही खरंच असतं! आता तुम्हीच सांगा, आज पाकिटातून पैसे काढायचे आणि चाळीस वर्षांनी काहीतरी होणार नाही, हे कुणाला पटवून देणं सोपं आहे का?

इथं वर्गणीची पंचाईत सुरू होते. समजा, शेडच्या सभासदांची सभा भरली आहे. एक म्हणतो, नवीन लेथ घेऊ, त्यावर लाकडी वाडगे कातता येतील. दुसरा म्हणतो, पट्टी-करवत घेऊ. तिसरा खाकरत म्हणतो, धूळ ओढायची यंत्रणा बसवू. कुणाच्या बाजूनं हात वर होतील? लेथचा फोटो काढता येतो. देणगीदाराच्या हातात त्यावर कातलेला वाडगा ठेवता येतो. धुळीच्या नळाचा फोटो कुणी काढायचा?

आपल्याकडे काय वेगळं आहे? गणपतीत मांडवाच्या रोषणाईला वर्गणी मागा, लोक देतात. विसर्जनानंतर मैदान झाडायला वर्गणी मागून बघा बरं! शाळेच्या पंख्याच्या पात्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर 'कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ' असं नाव तुम्ही वाचलं असेल. शाळेच्या गटाराच्या झाकणावर कुणाचं नाव कधी वाचलंय? मी तरी नाही.

बरं, हे मशीन आहे तरी कसं? ते समजलं की त्याला पैसे का लागतात तेही समजेल.

एक मोठा पंखा असतो. त्याला मोठे नळ जोडलेले असतात आणि प्रत्येक नळाचा फाटा एकेका मशीनच्या तोंडाशी जातो. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते. सोपं आहे ना? पण इथं एक गोम आहे. हवा हळू वाहिली तर भुसा वाटेतच नळात बसतो आणि नळ तुंबतो. म्हणून नळातली हवा सेकंदाला सुमारे २० मीटर वेगानं पळावी लागते. गणित करा : ताशी ७२ किलोमीटर! आपली एसटी घाट संपवून सरळ रस्त्याला लागली की जशी पळते, तशी. आता नळ १०० मिलिमीटर रुंदीचा धरा, म्हणजे साधारण तुमची वीत असते त्याहून थोडा कमी. त्यातून या वेगानं मिनिटाला साडेनऊ घनमीटरच्या आसपास हवा जाते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा तुमचा वर्ग असेल, तर वर्गात १०८ घनमीटर हवा असते. तेवढी हवा हा एक नळ साडेअकरा मिनिटांत ओढून नेईल.

म्हणूनच घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरवर अख्खी शेड भागत नाही. तो शहाळ्यातल्या नळीसारखा असतो, ओढतो जोरात पण थोडंसंच. हातातल्या लहान सँडरला तो चांगला. गोल करवतीला लागते भरपूर हवा. शिवाय नळाला जितकी वळणं जास्त तितका हवेला अडथळा जास्त, म्हणून वळणं कमी आणि गोलाईदार ठेवावी लागतात. वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप दिसायला सोयीचा, पण आतून खडबडीत. तो जमेल तितका आखूड वापरायचा. आणि प्रत्येक फाट्यावर एक सरकतं दार असतं. जे मशीन चालू नाही त्याचं दार बंद, म्हणजे सगळी ओढ चालू मशीनला मिळते. हे दार लावायला विसरणाऱ्याला शेडमधले सगळे ओरडतात, असं मानायला हरकत नाही.

ओढलेली धूळ मग जाते कुठं? ती एका उंच, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पत्र्याच्या नरसाळ्यात जाते. त्याला 'सायक्लोन' म्हणतात, म्हणजे वावटळच! हवा त्यात कडेनं शिरते आणि गरगर फिरते. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये मोटारसायकलवाला भिंतीला चिकटून फिरतो, तसे जड कण भिंतीला जाऊन भिडतात. तिथं त्यांचा वेग मंदावतो आणि ते घसरत खालच्या पिंपात पडतात. हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. इंग्लंडमधल्या जेम्स डायसन यांनी १९७८च्या सुमारास लाकडाच्या गिरणीवर असा सायक्लोन पाहिला, आणि हाच घरातल्या झाडूयंत्रात का घालू नये, असं त्यांच्या मनात आलं. तसं यंत्र नीट जमेपर्यंत त्यांनी ५,१२७ नमुने करून पाहिले! बिनपिशवीच्या व्हॅक्यूम क्लीनरची गोष्ट ती हीच.

सायक्लोनमधून सुटलेली अगदी बारीक धूळ शेवटी गाळणीत अडवायची. पिठाच्या गिरणीत पीठ पडतं तिथं कापडाची लांब बाही लावलेली असते ना? हवा कापडातून बाहेर जाते, पीठ आत राहतं. इथंही तेच तत्त्व. पण कापड विरळ असेल तर? गिरणीवाल्या काकांच्या पापण्या आठवा! स्वस्त यंत्रांच्या पिशव्या अशाच असायच्या. जाड भुसा आत राहायचा आणि सगळ्यात वाईट, सगळ्यात बारीक धूळ पिशवीतून पार होऊन खोलीभर पसरायची. जमीन दिसायला लखलखीत, हवा मात्र पूर्वीपेक्षा वाईट. म्हणून चांगली गाळणी महाग असली तरी तिथं काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक वेळ मशीन लहान घ्या.

आणखी एक कारण आहे, ते जरा भीतिदायक आहे. हवेत पुरेशी बारीक लाकडाची धूळ तरंगत असली आणि ठिणगी पडली, तर ती नुसती पेटत नाही, तिचा स्फोट होतो. २०१२ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तीन महिन्यांच्या अंतरानं दोन लाकूड-गिरण्या अशाच उडाल्या, जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरी. दोन्हीकडे मिळून चार कामगार गेले आणि चाळीसहून जास्त जखमी झाले. शेड काही एवढी मोठी नसते. पण तुळयांवर, दिव्यांवर साचलेली धूळ पुसून काढा, हवेच्या झोतानं उडवू नका, हा नियम लहान शेडलाही तेवढाच लागू आहे.

हे सगळं ऐकून सभेत हात वर झाले, असं समजू. आता पैसे! छोटं एका पिशवीचं यंत्र काहीशे डॉलरना मिळतं. सगळ्या शेडभर नळ, सायक्लोन, चांगली गाळणी, विजेची जोडणी करायची तर खर्च कित्येक हजार डॉलरवर जातो. आजोबांच्या पेन्शनमधून हे व्हायचं नाही.

ऑस्ट्रेलियात अशा वेळी काय करतात, माहीत आहे? सॉसेज भाजतात! बनिंग्ज नावाची हत्यारांची, रंगांची, खिळ्यांची मोठमोठी दुकानं तिकडे गावोगावी आहेत. शनिवार-रविवारी दुकानाच्या दाराशी शेगडी लावायची मुभा गावातल्या संस्थांना मिळते. आज स्काउटवाले, उद्या फुटबॉल क्लब, परवा आपले शेडवाले आजोबा. पावाच्या एका तुकड्यात भाजलेलं सॉसेज आणि वर परतलेला कांदा. पावभाजीच्या गाडीचा तिकडचा भाऊच म्हणा. सामान संस्थेनं आणायचं आणि विक्रीचे पैसे संस्थेचे. २०२२ साली या सॉसेजची किंमत अडीच डॉलरवरून साडेतीन डॉलर झाली, तर सगळ्या देशात बातमी! त्याआधी २०१८ साली दुकानवाल्यांनी सांगितलं, की कांदा वर नको, सॉसेजच्या खाली घाला, कारण वरचा कांदा जमिनीवर पडतो आणि गिऱ्हाईक घसरतं. त्यावर तर देशाच्या पंतप्रधानांनासुद्धा आपलं मत विचारलं गेलं! काय, आहे की नाही मजा?

दुसरा मार्ग रिकाम्या बाटल्यांचा. पेयाची रिकामी बाटली किंवा डबा केंद्रावर नेऊन दिला की १० सेंट परत मिळतात. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात ही पद्धत १९७७पासून आहे (तेव्हा ५ सेंट मिळायचे), न्यू साउथ वेल्समध्ये २०१७पासून, व्हिक्टोरियात २०२३पासून. कितीतरी संस्था लोकांच्या रिकाम्या बाटल्या मागून घेतात. आता गणित तुमच्यासाठी. समजा, यंत्रणेला ३,००० डॉलर हवेत. नुसत्या बाटल्यांवर भागवायचं तर किती बाटल्या? आणि एका सॉसेजमागं खर्च वजा जाता २ डॉलर उरतात असं धरलं, तर किती सॉसेज? (उत्तरं : ३०,००० बाटल्या किंवा १,५०० सॉसेज. पाठ दुखेल ती वेगळीच!)

म्हणून तिसरा मार्ग, सरकारी अनुदान. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं २०१० साली पुरुषांच्या आरोग्याचं धोरण आखलं. तेव्हापासून शेडना लहान लहान अनुदानं मिळण्याची सोय झाली आहे. हत्यारांना, इमारतीच्या दुरुस्तीला, सुरक्षिततेच्या सामानाला. पण अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणाऱ्या शेड पुष्कळ. इथं मात्र आपलं धुळीचं मशीन पहिल्यांदाच लेथच्या पुढं जातं! नवीन लेथ का हवी? हौस म्हणून. धुळीचं मशीन का हवं? आरोग्यासाठी. आणि अनुदान तर आरोग्याच्याच नावानं आहे.

पण नुसतं 'आमच्याकडे फार धूळ आहे हो' असं लिहून भागत नाही. तुमच्या निबंधाच्या वहीत मी 'उदाहरण द्या' असा शेरा मारते ना, तोच शेरा इथंही. किती मशीनं, एका वेळी किती माणसं, त्यांचं वय काय, कुठल्या मशीनची धूळ सगळ्यात बारीक, नळ कुठून कुठं जाणार याचा नकाशा, आणि दोन-तीन विक्रेत्यांचे दर. मापही द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये २०२० पासून असा नियम आहे, की कठीण लाकडाची धूळ आठ तासांच्या सरासरीनं एक घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे किती? आपला मघाचा १०८ घनमीटरचा वर्ग घ्या. सगळ्या वर्गात मिळून ३२४ मिलिग्रॅम. अर्धा ग्रॅमसुद्धा नाही! मिठाची एक लहानशी चिमूट अख्ख्या वर्गभर पसरली, की मर्यादा संपली.

आणि ज्यांना आकडे कळत नाहीत, त्या देणगीदारांचं काय? त्यांच्यासाठी कवडसा आहे! तपासणी करणारी माणसं एक युक्ती वापरतात. शेडमधले बाकीचे दिवे मालवायचे. मशीनच्या पलीकडे एक प्रखर झोताचा दिवा ठेवायचा. आपण समोर उभं राहायचं, दिव्याचा डोळ्यांवर येणारा भाग झाकून घ्यायचा, आणि मशीन चालू करायचं. मघापर्यंत स्वच्छ दिसणाऱ्या हवेत धुराचे लोट उठावेत तशी धूळ उठताना दिसते. ती करवतीपासून निघते, काम करणाऱ्याच्या तोंडावरून जाते आणि छपराशी पसरते. सगळं उघड! फोटोच नसलेल्या मशीनला इथं फोटो मिळतो. आधीचा एक आणि नळ जोडल्यानंतरचा एक.

वर्गणीचं ओझं वाटूनही घेता येतं. सगळी यंत्रणा एकदम नको. आधी सँडर आणि गोल करवत, कारण बारीक धूळ तिथं सगळ्यात जास्त. मुख्य नळ मात्र पुढचे फाटे धरून पुरेसा मोठा टाकायचा, नाहीतर दोन वर्षांनी सगळा उचकटावा लागतो. मग एकेका फाट्याला एकेक देणगीदार. आपल्याकडे शाळेच्या भिंतीसाठी विटेविटेची देणगी घेतात, तसं. फाट्याच्या दारावर नावाची पट्टी लावली तर काय बिघडलं? निदान दार लावताना नाव वाचलं जाईल.

तोवर काय करायचं? मास्क. २०२० नंतर मास्क कसा घालायचा हे तुम्हांला शिकवायची गरज उरली नाही! मात्र कापडाचा नव्हे. बारीक कण अडवणारा आणि तोंडावर घट्ट बसणारा. दाढीवाल्या आजोबांची इथं अडचण होते, कारण दाढीतून फट राहते. आणि मास्क फक्त घालणाऱ्याला वाचवतो. शेजारच्याला, दारात डोकावणाऱ्या नातवंडाला नाही. तुमच्या घरी किंवा शेजारी फर्निचरचं काम निघालं आणि सुतारकाका मशीननं फळ्या कापायला लागले, की जवळ उभं राहून बघायचा मोह आवरा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि नंतर कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. काकांनाही सांगा. रागावणार नाहीत, आणि रागावले तरी पाणी द्यायच्या निमित्तानं पुन्हा सांगा.

समजा, पैसे जमले, यंत्रणा बसली, पंखा घोंघावू लागला. संपलं का? नाही. पंख्याला वीज लागते, त्याचं बिल दर वेळी येतं. गाळणी झटकावी लागते, काही काळानं बदलावी लागते. आणि पिंप भरतं! ते वेळेवर रिकामं केलं नाही तर सायक्लोनमधली धूळ वर उसळून थेट गाळणीत जाते आणि गाळणी तुंबते. म्हणून भिंतीवर पाळीचा तक्ता लागतो. आपल्या वर्गातल्या केर काढायच्या तक्त्यासारखाच, आणि त्यावरून भांडणंही तशीच होत असणार.

पिंपातल्या भुशाला मात्र गिऱ्हाईक असतं. बागवाले खतात मिसळायला नेतात, कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायला नेतात. फक्त देण्याआधी विचारावं लागतं, की हे लाकूड कुठलं? वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड किंवा डिंकानं घट्ट केलेल्या एमडीएफच्या फळ्या कापलेल्या असतील, तर तो भुसा कोंबड्यांनाही नको आणि बागेलाही नको. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा भुसा अंथरला तर घोड्यांचे पाय सुजतात. म्हणून दोन पिंपं ठेवायची. एकावर खडूनं लिहायचं 'कोंबड्यांसाठी', आणि दुसऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'नाही'.